चार नगरसेवक, एक प्रभाग : कोणतं काम कोणाकडे न्यायचं?

१५ जानेवारी २०२६ ला महाराष्ट्रातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं, दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली आणि २,८६९ जागांवर माणसं निवडून आली. त्याआधी बहुतेक शहरांत २०२२ पासून प्रशासक होता. नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवलीसारख्या ठिकाणी तर २०२० पासूनच. म्हणजे ज्यांनी या काळात शहरात घर घेतलं, ज्यांचं नाव पहिल्यांदा मतदार यादीत आलं, त्यांनी कामावर असलेला नगरसेवक पाहिलेलाच नाही. आणि आता एकदम चार. मुंबई सोडली तर सगळ्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, बहुतेक चार जणांचे. त्यामुळे 'आमचा नगरसेवक कोण?' या साध्या प्रश्नाची चार उत्तरं येतात. काम निघालं की ती चारही उत्तरं एकमेकांकडे बोट दाखवतात.

हा लेख अशा नवख्या माणसासाठी आहे. उदाहरणं बरीचशी पुण्याची आहेत. तुमच्या शहरात कार्यालयांची नावं बदलतील, पण रचना हीच आहे.

पायरी १ : प्रभाग वेगळा, कार्यालय वेगळं

सुरुवातीला दोन गोष्टी एका कागदावर लिहून ठेवा. पहिली, तुमचा निवडणूक प्रभाग क्रमांक. तो मतदार यादीत असतो आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर प्रभागांचे नकाशेही असतात. दुसरी, तुमचा भाग महापालिकेच्या कोणत्या स्थानिक कार्यालयाखाली येतो ते. पुण्यात त्याला क्षेत्रीय कार्यालय म्हणतात आणि अशी १५ आहेत. नागपुरात १० झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर वगैरे. नाशिकमध्ये सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. ठाण्यात या कार्यालयालाच लोक प्रभाग समिती म्हणतात, त्यामुळे तिथे गोंधळ जरा जास्त होतो.

पुण्यात ४१ प्रभाग आणि १५ क्षेत्रीय कार्यालयं. म्हणजे एका कार्यालयाखाली साधारण अडीच-तीन प्रभाग आले. हद्दी मात्र दर वेळी जुळतातच असं नाही. एखादा प्रभाग दोन कार्यालयांत वाटला गेलेला असतो. रस्त्याच्या या बाजूचा कचरा एका कार्यालयाचा, पलीकडचा दुसऱ्याचा, आणि नगरसेवक दोन्हीकडचे तेच. तुमची इमारत अशा कडेला असेल तर हे आधीच विचारून घ्या. पुढचे निम्मे हेलपाटे वाचतात.

पायरी २ : अ, ब, क, ड हे भाग नव्हेत

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. '१२-अ चे नगरसेवक' ऐकलं की वाटतं, प्रभाग १२ चे चार तुकडे असतील आणि त्यातला अ हा एक. तसं काही नसतं. अ, ब, क, ड या एकाच प्रभागातल्या चार जागा आहेत आणि ही अक्षरं आरक्षणाच्या हिशेबाने लागतात. एखादी जागा अनुसूचित जातीसाठी, एखादी नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी, एखादी सर्वसाधारण महिलेसाठी, एखादी खुली. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, म्हणून चारच्या प्रभागात सहसा किमान दोन महिला नगरसेवक असतात.

मतदान करताना तुम्ही चार वेळा बटण दाबलंत ते याचसाठी. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी आणि ड ची फिकट निळी. चारही मतं तुमचीच, म्हणून चारही नगरसेवक तुमचेच. मी राखीव गटातला नाही म्हणून त्या जागेवरच्या नगरसेवकाकडे कसा जाऊ, असा संकोच काही लोक करतात. त्याची गरज नाही. आरक्षण कोण उभं राहू शकतं एवढंच ठरवतं, कोणाचं काम करायचं ते नाही.

प्रभागाचा आकारही एकदा डोळ्यांसमोर आणा. पुण्यात १६५ जागा आहेत: ४० प्रभाग चारचे आणि एक पाच जणांचा. २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली तरी चारच्या एका प्रभागात सरासरी ८० हजारांहून जास्त माणसं येतात, आणि त्या जनगणनेला आता दीड दशक उलटलंय. नागपुरात १५१ जागा ३८ प्रभागांत, पिंपरी-चिंचवडला १२८ जागा ३२ प्रभागांत, कोल्हापूरला ८१ जागा २० प्रभागांत. एवढा मोठा पट्टा चौघांनी न वाटता सांभाळणं अवघडच. म्हणून वाटणी होते.

पायरी ३ : वाटणी कशी होते ते ओळखा

महापालिका कायद्यात चार नगरसेवकांमध्ये प्रभाग वाटून द्या असं म्हटलेलं नाही. चौघेही पूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी. त्यामुळे 'तो भाग माझ्याकडे नाही' हे वाक्य कोणी तुम्हाला ऐकवलं, तर ते त्यांचं आपसातलं ठरलेलं आहे, नियम नव्हे. पण आपसातलं ठरलेलं आहे म्हणून ते खोटं असतं असंही नाही. उलट शहाणा नागरिक ते आधी समजून घेतो.

मला दिसलेले वाटणीचे प्रकार साधारण असे.

सर्वात जास्त चालतो तो भागवार प्रकार. मतदान केंद्रनिहाय निकाल हातात आले की कोणाला कुठे किती मतं पडली ते कळतं आणि त्यावरून 'हा पट्टा तुझा, तो माझा' ठरतं. ज्याचं घर, ज्याचं मंडळ, ज्याचं संपर्क कार्यालय ज्या भागात, तो भाग आपोआप त्याचा. जुनी वस्ती, गावठाण, झोपडपट्टी यांना असा हक्काचा नगरसेवक लगेच मिळतो, कारण तिथे एकगठ्ठा मतं असतात आणि माणसं रोज दारात येतात. नव्या सोसायट्या मात्र बऱ्याचदा कोणाच्याच वाट्याला येत नाहीत. तिथलं मतदान कमी, ओळखी कमी, आणि कामं मोठी: रस्ता, पाण्याची मुख्य वाहिनी, पावसाळी गटार. तुमची सोसायटी नवी असेल तर तुम्ही अशा बेवारस पट्ट्यात असण्याची शक्यता बरीच आहे. तिथून पत्र जाईपर्यंत कोणाला तुमची आठवण होत नाही.

दुसरा प्रकार विषयवार. एक जण पाणी-ड्रेनेज बघतो, एक रस्ते-दिवे, एक आरोग्य आणि कचरा, एक महिला बचत गट, शाळा, दाखले. ऐकायला हे फार सोयीचं वाटतं. चौघे एकाच पक्षाचे असतील आणि त्यांच्यात एखादा जुना, वजनदार नगरसेवक असेल तर बरं चालतंही. पण या वाटणीत बहुतेक वेळा महिला नगरसेवकांच्या वाट्याला बचत गट आणि हळदीकुंकू येतं, आणि पैशाची कामं पुरुषांकडे जातात. काही ठिकाणी तर निवडून आलेल्या बाईंच्या जागी त्यांचे पती फोन उचलतात, बैठका घेतात, अधिकाऱ्यांना सूचना देतात. यावर माझं मत सरळ आहे: निवडून जो आला त्याच्याशीच बोलायचं. 'ताईंशी बोलायचंय' म्हणून ठाम सांगायचं आणि पत्रही ताईंच्याच नावाने द्यायचं. सभागृहात हात वर करण्याचा आणि प्रशासनाला प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांचा आहे.

तिसरा प्रकार म्हणजे वाटणीच नसते, नुसती स्पर्धा. चौघे दोन किंवा तीन पक्षांचे निवडून आलेले असतात. मग एकाच कामाचं भूमिपूजन दोनदा होतं आणि एकाच बाकड्यावर दोन नावं रंगवली जातात. आपल्याला हे हास्यास्पद वाटतं, पण नागरिकाला याचा फायदाही करून घेता येतो. एकाने टाळाटाळ केली की दुसऱ्याकडे जाता येतं, आणि दुसऱ्याला पहिल्यावर मात करायची असल्याने काम हलतं. फक्त तुमची सोसायटी त्यांच्या भांडणाचं मैदान होऊ देऊ नका. एकाकडे दिलेलं पत्र दुसऱ्यापासून लपवलं की पुढे तुमचीच अडचण होते.

कोणता प्रकार चालू आहे हे ओळखायचा सोपा मार्ग: प्रभागात फिरा आणि कामांचे फलक वाचा. कोणत्या गल्लीत कोणाचं नाव जास्त दिसतं? सगळीकडे चारही नावं असतील तर एकत्र काम आहे. गल्लीगणिक नाव बदलत असेल तर भागवार वाटणी आहे. कुठेच फलक नसेल, तर तुमचा तो बेवारस पट्टा. याहून सोपं म्हणजे प्रभागातल्या मुकादमाला किंवा पाण्याच्या चावीवाल्याला विचारा. इकडे कोणाचा फोन येतो, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

पायरी ४ : नगरसेवकाला अधिकार कशाचा आहे?

नवखा माणूस इथेच सगळ्यात जास्त निराश होतो, म्हणून हे नीट वाचा. आपल्याकडे नगरसेवक हा शहराचा मंत्री नसतो. पाणी खातं अमुक नगरसेवकाचं, रस्ते तमुकाचे, अशी खातेवाटप महापालिकेत नाही. कारभार चालवण्याचा अधिकार आयुक्तांकडे आहे. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात महापालिका म्हणजे सर्वसाधारण सभा, स्थायी समिती आणि आयुक्त अशी प्राधिकरणं वेगवेगळी ठेवलेली आहेत. सभा धोरण ठरवते, पैसे मंजूर करते आणि जाब विचारते. काम आयुक्त आणि त्यांचे अधिकारी करतात. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात महापौर परिषदेची पद्धत आणून अधिकार निवडून आलेल्यांकडे देण्याचा प्रयोग झाला होता. वर्षभरातच तो गुंडाळला गेला.

म्हणून नगरसेवक इंजिनिअरला थेट आदेश देऊ शकत नाही. तो सांगू शकतो, पाठपुरावा करू शकतो, प्रश्न टाकू शकतो, निधी सुचवू शकतो. दबाव मात्र खरा असतो. अडलेली फाईल कोणत्या टेबलावर आहे हे त्याला दोन फोनमध्ये कळतं, आपल्याला दोन महिन्यांत कळत नाही.

निवडून आलेल्यांमध्ये खरी, कायद्याने झालेली वाटणी असते ती समित्यांची.

स्थायी समिती सर्वात ताकदवान. मुंबई सोडून इतर महापालिकांत तिचे १६ सदस्य असतात, पक्षांच्या संख्याबळानुसार नेमलेले. दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात आणि नवे येतात; पहिल्या वर्षी कोण बाहेर पडणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. अंदाजपत्रक आणि मोठ्या निविदा इथूनच जातात. तुमच्या चार नगरसेवकांपैकी कोणी स्थायीवर असेल तर ते नाव कागदावर गोल करून ठेवा. मोठ्या कामाचा रस्ता त्या घरातून जातो. महिला व बालकल्याण समिती, महापालिकेची स्वतःची बससेवा असलेल्या काही शहरांत परिवहन समिती, झाडांसाठी वृक्ष प्राधिकरण, आणि शहर सुधारणा, विधी, क्रीडा अशा विषय समित्या याही असतात. नावं शहरागणिक बदलतात. झाड तोडण्याची परवानगी, फांद्यांची छाटणी यांसाठी वृक्ष प्राधिकरणाचा सदस्य उपयोगी, रस्त्याच्या खड्ड्यासाठी नाही.

महापौर-उपमहापौर अडीच वर्षांसाठी असतात. महापौर तुमच्याच प्रभागातले निघाले तर प्रभागाकडे लक्ष जातं खरं, पण त्यांच्याकडे वेळ उरत नाही. रोजच्या कामासाठी उरलेल्या तिघांनाच धरा. स्वीकृत नगरसेवक निवडून आलेले नसतात. ते सभेत बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत, आणि त्यांना प्रभागही नसतो.

पायरी ५ : प्रभाग समिती नावाची दुर्लक्षित खिडकी

७४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १ जून १९९३ पासून, तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या असणं बंधनकारक झालं. आपल्या कायद्यात ती प्रभाग समिती. त्या क्षेत्रातले सगळे नगरसेवक, स्थानिक कार्यालयाचा प्रमुख अधिकारी, आणि नगरसेवकांनी नेमलेले स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी अशी तिची रचना आहे. अध्यक्ष नगरसेवकांमधून, एका वर्षासाठी. पाणी, ड्रेनेज, सफाई, पावसाळी पाणी याबद्दलच्या तक्रारींचा झटपट निकाल लावणं हे तिचं लिहून ठेवलेलं काम. अंदाजपत्रकात तरतूद असेल तर ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांना ती स्वतः मंजुरीही देऊ शकते.

मला ही जागा सर्वात उपयोगी वाटते, कारण इथे चारही नगरसेवक आणि सगळ्या खात्यांचे स्थानिक अधिकारी एकाच टेबलाभोवती असतात. एकमेकांकडे बोट दाखवायला जागाच उरत नाही. 'ड्रेनेजवाले म्हणतात पथ विभागाने खोदलं' हे उत्तर तिथे दिलं तर पथ विभागाचा माणूस समोरच बसलेला असतो. तुमचा विषय पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्या, असं पत्र अध्यक्षांना द्या, प्रत सहायक आयुक्तांना, म्हणजे क्षेत्रीय कार्यालयाच्या प्रमुखांना. बैठकीची तारीख क्षेत्रीय कार्यालयात विचारली तर सांगतात. प्रश्न इतकाच की विचारणारे फार कमी.

पायरी ६ : कामाची जात ओळखून दार ठोठावा

आता खरा उपयोगाचा भाग. तक्रार हातात आली की ती तीनपैकी कोणत्या जातीची आहे ते बघा.

रोजची तक्रार, म्हणजे कचरा उचलला नाही, दिवा बंद, चेंबर तुंबलं, पाण्याचा दाब कमी. यासाठी नगरसेवक हा पहिला टप्पा नव्हेच. आधी महापालिकेच्या अॅपवर किंवा हेल्पलाइनवर नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या, मग आरोग्य निरीक्षक किंवा कनिष्ठ अभियंता. दोन-तीन दिवसांत हललं नाही तर तक्रार क्रमांकासह नगरसेवकाला सांगा. क्रमांक असला की त्यालाही बोलायला मुद्दा मिळतो. नुसतं 'साहेब, बघा ना जरा' म्हटलं की तोही अधिकाऱ्याला 'बघा ना जरा'च म्हणतो.

पैशाचं काम, म्हणजे नवी वाहिनी, रस्त्याचं काँक्रिटीकरण, पदपथ, उद्यानातली खेळणी. इथे नगरसेवकाशिवाय पान हलत नाही, आणि इथेच चौघांची वाटणी कळीची ठरते. पुढच्या पायरीत बघू.

तिसरी जात, महापालिकेचं नसलेलं काम. वीज महावितरणची, सिग्नलचं नियोजन वाहतूक पोलिसांचं, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, रेशनकार्ड पुरवठा खात्याचं. नगरसेवक मदत करेल, पण ते त्याचं काम नाही, आणि तिथे त्याचं वजनही महापालिकेइतकं चालत नाही. रस्ता नक्की कोणाचा हे आधी विचारा. पुण्यात महापालिकेच्या आतही फरक आहे: १२ मीटरपर्यंतचे रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे, त्याहून रुंद असले की मुख्य पथ विभागाकडे. रस्त्याची रुंदी न विचारता क्षेत्रीय कार्यालयात चकरा मारणारी कितीतरी माणसं रोज दिसतात.

पायरी ७ : पत्र चौघांना, प्रत अधिकाऱ्याला

पत्र एकच लिहा, चौघांच्याही नावाने. एकाला दिलं की ते त्याच्या 'पट्ट्यात' अडकतं. चौघांना दिलं की प्रत्येकाला माहीत असतं, उरलेल्या तिघांना माहीत आहे. नमुना असा:

*प्रति, मा. नगरसेवक, प्रभाग क्र. __ (अ, ब, क, ड). विषय : __ सोसायटी ते __ चौक या रस्त्यावरील ड्रेनेज चेंबर तुंबून सांडपाणी रस्त्यावर येत असल्याबाबत. महोदय/महोदया, वरील ठिकाणी तीन चेंबरमधून दर आठवड्याला सांडपाणी बाहेर येते. तक्रार क्र. __, दि. __. कनिष्ठ अभियंत्यांनी पाहणी करून ही वाहिनी कमी व्यासाची असून बदलावी लागेल, असे सांगितले आहे. येत्या अंदाजपत्रकात या कामासाठी तरतूद सुचवावी, तसेच तोपर्यंत जेटिंग मशिनने नियमित सफाई व्हावी, ही विनंती. प्रत : सहायक आयुक्त, __ क्षेत्रीय कार्यालय.*

यात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. जागा नेमकी आहे. तक्रार क्रमांक आहे. आणि मागणी दोन भागांत आहे, एक आत्ताची आणि एक पैशाची. 'आमच्या भागात ड्रेनेजची समस्या आहे' अशा पत्राला फार तर 'बघतो' एवढंच उत्तर येतं. सही सोसायटीच्या शिक्क्यासह, शक्य असेल तर शेजारच्या दोन सोसायट्यांच्याही. क्षेत्रीय कार्यालयाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घ्या. नगरसेवकाच्या कार्यालयात शिक्का मिळत नाही, तेव्हा तिथे देताना फोटो काढून लगेच त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवा. तारीख आपोआप नोंदली जाते.

भेटायला जाताना दोघे-तिघेच जा. दहा जण गेले की भाषण होतं आणि चहा येतो, काम होत नाही.

पायरी ८ : पैसा कोणाच्या यादीत बसेल?

अंदाजपत्रक आयुक्त आधी स्थायी समितीला देतात, तिथे भर पडते आणि मग सर्वसाधारण सभा मंजूर करते. हे सगळं साधारण जानेवारी ते मार्च. पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांना सगळे 'स' यादी म्हणतात. प्रत्येक नगरसेवकाची 'स' यादी वेगळी. इथे चौघांत पैसा वाटला जातो आणि भागवार वाटणीचा खरा अर्थ उलगडतो: ज्याचा पट्टा, त्याच्या यादीतून त्या पट्ट्याचं काम.

तुमचं काम मोठं असेल आणि एकाच्या यादीत मावत नसेल, तर दोघांना किंवा तिघांना मिळून रक्कम टाकायला सांगा. चौघे एकाच पक्षाचे असतील तर हे होतं. वेगवेगळे असतील तर फलकावर कोणाचं नाव आधी, यावर घोडं अडतं. अशा वेळी काम तुकड्यांत मागा. पहिला टप्पा अमुक सोसायटीपर्यंत एकाच्या यादीतून, पुढचा दुसऱ्याच्या. दोन फलक लागले तर लागू देत.

यादीत नाव आलं म्हणजे काम झालं असं समजू नका. नंतर कनिष्ठ अभियंता पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, करतो, निविदा निघते, कार्यादेश दिला जातो. मधे एक खड्डा आहे, त्याचं नाव वर्गीकरण. एका कामासाठी ठेवलेले पैसे वर्षाच्या मधेच दुसऱ्या कामाकडे वळवायचे, स्थायीच्या मंजुरीने. तुमच्या ड्रेनेजचे पैसे डिसेंबरात कुठल्यातरी कमानीकडे वळलेले असू शकतात. म्हणून दर दोन महिन्यांनी एकच प्रश्न विचारा: पूर्वगणनपत्रक झालं का, आणि निधी वर्गीकरणात गेला का? हा शब्द नुसता वापरलात तरी समोरचा माणूस सावरून बसतो.

नागरिकांना थेट मार्गही आहे. पुण्यात २००६ पासून लोकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवतात, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. छोट्या कामासाठी हा मार्ग चांगला, कारण त्यात कोणा एका नगरसेवकाची मर्जी लागत नाही. तरी चौघांना त्याची प्रत द्याच.

पावसाळ्याआधी खोदाईची मुदत संपते आणि मार्चअखेर बिलांची घाई असते, हेही ध्यानात ठेवा. मोठ्या कामाचा पाठपुरावा दिवाळीनंतर लगेच सुरू केला तर ते उन्हाळ्यात पूर्ण होतं.

मुंबई आणि लहान शहरं

मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकात एकच नगरसेवक, त्यामुळे चौघांची वाटणी हा प्रश्नच नाही. तिथे फक्त विभाग कार्यालय कोणतं, ए पासून पुढे कोणत्या अक्षराचं, एवढं शोधायचं. नगरपरिषदांत प्रभाग सहसा दोन जणांचे असतात, आणि नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडून येतो. तिथे विषय समित्यांचे सभापती असतात: पाणीपुरवठा, बांधकाम, स्वच्छता-आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण. महापालिकेपेक्षा तिथे 'पाणी सभापती' हा शब्द खूप जास्त चालतो आणि त्याला वजनही असतं. नगरपंचायतीत १७ प्रभाग, १७ नगरसेवक, एकास एक.

जागा रिकामी झाली तर?

पाच वर्षांत हे घडतंच. राखीव जागेवरच्या नगरसेवकाचं जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही, बेकायदा बांधकामावरून कोणी अपात्र ठरलं, कोणी वारलं, कोणी राजीनामा देऊन आमदार झालं. पोटनिवडणूक होईपर्यंत 'त्यांच्या पट्ट्याचं' कोण बघणार, असा प्रश्न येतो आणि अधिकारीही तो तुमच्याकडेच ढकलतात. उत्तर पायरी २ मध्ये येऊन गेलंय: उरलेले तिघेही त्याच पट्ट्याचे नगरसेवक आहेत, आधीपासूनच. त्यांना नवं पत्र द्या, जुन्या पत्राच्या आवक क्रमांकासह. गेलेल्या नगरसेवकाच्या यादीतली तरतूद कुठे आहे हे त्याच आठवड्यात क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्या, कारण अशी तरतूद वर्गीकरणात सगळ्यात आधी जाते.